पाणी निवळू द्या

बोललेल्या शब्दासाठी माणसाला शिक्षा होत असती, तर मला नक्की झाली असती. शब्द दोनच होते, "अगदी तसंच." २००८च्या जुलैत, बोदलकसा तलावाच्या अलीकडच्या धिवर टोलीत, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, अंगणवाडीच्या पडवीत मी ते मोठ्या ऐटीत बोलले. त्यानंतर पुढची पाच वर्षं मी त्या दोन शब्दांना भ्यायले.

मी सुंदरबाई पटले. तिरोडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते. एकोणीसशे नव्व्याण्णवपासून त्याच टोल्या, तेच रस्ते, तीच माणसं. लसी, बाळंतपणं, हिवतापासाठी रक्ताचे नमुने, हे माझं काम. स्वभाव तापट. लोक मागून मला तिखटबाई म्हणत, आणि ते मला ठाऊक होतं.

त्या जुलैत गोंदियाला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय कॅन्सर. एक मोठे डॉक्टर पडद्यावर चित्रं दाखवत होते. गाठ असलेल्या उंदरांना रोज काही तास अरुंद नळीत कोंडून ठेवलं, तर त्यांच्या गाठी मोकळ्या उंदरांपेक्षा जास्त वाढल्या आणि पसरल्या. जीव घाबरला की मूत्रपिंडावरच्या दोन इवल्या ग्रंथी रक्तात रस सोडतात. एकानं छाती धडधडते, पाय पळायला तयार होतात. दुसरा बराच वेळ रक्तात राहतो आणि अंगातल्या राखणदार पेशींना सुस्त करतो. घटकाभराची भीती कामाचीच असते, पण ती महिनोन् महिने चालली की राखण ढिली पडते. शेवटी डॉक्टर म्हणाले की हे उंदरांचं झालं, माणसांबद्दल अजून पुरतं कळलेलं नाही, आणि यावरून उपचार टाळायचा नसतो. पण तोवर बाहेर जेवणाची पातेली वाजायला लागली होती. मी वहीत एवढंच लिहिलं, भीतीने कॅन्सर वाढतो. खाली दोन रेघा मारल्या.

तेच मी टोलीत जाऊन सांगितलं. बाया जांभया देत होत्या, पोरं कोंबडीच्या मागं लागली होती. तेवढ्यात पडवीच्या टोकाला बसलेला एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, सुकलेला, पाण्यात राहून राहून पायांची कातडी पांढरी पडलेली. तो उदाराम वलथरे. तलावात मासे धरणारे टोलीत पुष्कळ होते. उदारामचं काम वेगळं होतं. तो नुकतं जन्मलेलं मत्स्यबीज, जिऱ्याएवढं, विकत आणायचा, आपल्या बोडीत म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात बोटाएवढं करायचा आणि हंडीत घालून रेल्वेनं दूरदूरच्या तलाववाल्या सोसायट्यांना विकायचा. पोटचं मूल नव्हतं. घरात तो आणि बायको शामकला, दोघंच.

"बाई जी, एक इचारू का?"

"विचारा."

"जारा ओढला का बच्चे घाबरतेत. पर तवा नाई मरत. चवथ्या दिवशी मरतेत. आंगावर पांढरा कापूस धरते. माहा बाप म्हने, भेवानं मासोरीची ताकद जाते, मंग पान्यातला रोग तिले धरते. मानसाचंबी तसंच होते का जी?"

जारा म्हणजे जाळं, बच्चे म्हणजे त्याचं मत्स्यबीज. इतक्या वर्षांत माझ्या भाषणावर कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. माझी छाती फुगली. "अगदी तसंच!" मी म्हणाले. "पाहा, उदारामला बरोबर कळलं. तुम्हाला कळत नाही, नुसत्या जांभया देता."

उदाराम मान हलवून खाली बसला. त्याची बायको बायांमध्येच होती. ती हसली आणि पदर सारखा केला.

पुढच्या महिन्यात, श्रावण सरता सरता, शामकला हात दुखतो म्हणून उपकेंद्रात आली. हात वर करायला लावला, तपासलं, आणि माझी बोटं डाव्या बाजूला थांबली. सुपारीएवढी गाठ. टणक. दाबलं तरी दुखत नव्हती. न दुखणाऱ्या गाठीला मी फार भिते. तिला काही न बोलता गोंदियाच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली आणि उदारामला बाजूला घेऊन सांगितलं की उद्याच्या उद्या जा.

तो गेला. तिथं सुई घालून पाणी काढलं. शामकलाला सांगितलं की अशक्तपणाची तपासणी आहे. आठवड्यानं तो कागद घेऊन एकटाच माझ्याकडं आला. कागद इंग्रजीत होता. मी वाचत होते आणि तो कागदाकडं नाही, माझ्या तोंडाकडं पाहत होता. तोंड सांभाळायला मी कधी शिकले नाही.

"तेच आहे ना जी?"

"तेच आहे. नागपूरला जावं लागेल. लवकर."

तो भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "तिले सांगू नोका. तिले भेव वाटंल. भेवानं वाढते म्हनलं होतं तुमी."

इथं मला राग यायला हवा होता. एरवी साध्या गोष्टीवर येतो. पण त्याच्या तोंडून आलं ते माझंच वाक्य होतं. आठ दिवस, मी म्हणाले. आठ दिवसांत तिला नागपूरला ने, मग तिथले डॉक्टर सांगतील. तो हो जी म्हणाला.

भाद्रपदात हिवताप उसळला. रोज चाळीस-चाळीस घरी ताप, मी रक्ताचे नमुने घेत फिरत होते. एकदा उदाराम रस्त्यात भेटला. "गेला होतास का?" विचारलं, तर म्हणाला, "औषध चालू आहे जी." कुठलं औषध, कोणी दिलं, कागद कुठं आहे, हे तीन प्रश्न मी विचारायला हवे होते. मी गाडीला किक मारली आणि पुढं गेले. मला ते खरं असायला हवं होतं, म्हणून मी ते खरं मानलं.

औषध कसलंच नव्हतं. तो काय करत होता ते मला नंतर शेजारणींकडून कळलं. बोडीत बच्चे आजारी पडले की त्यांना हात लावत नाहीत. जाळं ओढत नाहीत, कोणी पाण्यात उतरत नाही. चुना टाकतात, मीठ टाकतात, चांगला खुराक देतात आणि वाट पाहतात. बच्च्यांनी पुन्हा अंग धरलं, की मग जाळं. हे त्याला बापानं शिकवलं होतं आणि ते बोडीपुरतं खरंच होतं. त्यानं तेच घरात लावलं. ऑपरेशन म्हणजे जाळं. आधी बायकोच्या अंगात ताकद भरू द्यायची, तिच्या जिवाला कशाचा धक्का लागू द्यायचा नाही, मग नागपूर.

म्हणून तिला शेतावर जाऊ दिलं नाही. बकरीचं दूध लावलं. मयतीला जाऊ दिलं नाही, भांडणाजवळ उभं राहू दिलं नाही. शेजारचा रेडिओ बातम्या सांगायला लागला की तो जाऊन बंद करायला लावायचा. टोलीतल्या प्रत्येक घरी जाऊन हात जोडले की शामकलासमोर वाईट काही बोलू नका. टोलीनं ऐकलं. पण वाईट काय आणि चांगलं काय हे कोण ठरवणार? म्हणून ती हातपंपावर आली की बाया बोलणंच थांबवायच्या.

तिनं मला नंतर सांगितलं, "बाया मले पाहून गप होत, बाई. मले वाटे, म्या कोनाचं लेकरू खाल्लं का? मले टोनही समजून राहिले का?" आमच्या भागात बाईला टोनही म्हणजे चेटकीण म्हटलं की पुढं काय होतं, हे तिला माहीत होतं. ती रोज हंडा घेऊन त्या मुक्या बायांमध्ये उभी राहायची आणि आतून कापायची. घरी नवरा गोड बोलायचा. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि हा माणूस असा कधी बोलला नव्हता. त्यामुळं ती आणखी भ्यायची. भीती बाहेर ठेवायला त्यानं बांध घातला होता आणि ती सगळी बांधाच्या आतच साचत होती.

आणि मग त्यानं ते केलं, जे सांगताना आजही माझा आवाज चढतो.

शामकलाला एकच भाऊ, बकाराम. सालेकशाकडं जंगलाच्या कडेला राहायचा. दर भाऊबीजेला रेल्वेनं तिरोड्याला उतरून, पिशवीत मोहाचे लाडू घेऊन, चालत टोलीत यायचा. पितृपंधरवड्यात त्याला ताप आला, मेंदूत चढला, तीन दिवसांत गेला. निरोप घेऊन आलेला माणूस आधी बोडीवर उदारामला भेटला. उदारामनं त्याला तिथूनच परत पाठवलं. बायकोला म्हणाला, गोंदियाहून हाप्याचं कापड आणायचं आहे. हापा म्हणजे पाण्यात बांधायची कापडाची मोठी पिशवी, तिच्यात बच्चे ठेवतात. तो सालेकशाला गेला, मेहुण्याला खांदा दिला, नदीत आंघोळ केली. येताना खोटं पडू नये म्हणून गोंदियाला उतरून खरंच कापड घेऊन आला.

भाऊबीजेच्या दिवशी मी माझ्या भावाकडं निघाले होते. वाट टोलीवरूनच जाते. दुपारचे चार वाजले असतील. शामकला दारात बसलेली दिसली. पुढं पाट, भोवती रांगोळी, ताटात दिवा, सुपारी, करदोडा. दिवा विझून वात काळी पडली होती. मी गाडी थांबवली. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पहिलं वाक्य हे बोलली.

"बाई, माहा भाऊ मेला का?"

मला खरंच काही माहीत नव्हतं. तसं म्हणाले. पण मागं उदाराम लाकडं घेऊन उभा होता आणि त्याच्या हातातून एक लाकूड खाली पडलं. शामकलानं वळून पाहिलं.

"कवा?"

तो खाली वाकून लाकूड उचलायला लागला.

"कवा मेला थे सांगा."

"पितरपाटात."

"तुमी गेलते?"

"गेलतो."

"खांदा देला?"

"देला."

"आन् घरी येऊन माह्या हातचा भात खाल्ला."

ती रडली नाही. तिनं ताटातला विझलेला दिवा उचलून बाजूला ठेवला. मग ती हळूहळू, एकेक शब्द मोजून बोलली, "माहा भाऊ मेला थे तुमी सांगतलं नाई. मंग मलेबी काही झालं आहे. थेबी तुमी सांगून नाई राहिले." आणि माझ्याकडं वळली. "तुमी सांगा, बाई."

मला पळून जावंसं वाटलं. गाडी चालूच होती. मी ती बंद केली आणि म्हणाले, "कॅन्सर आहे." मी तिला आत नेलं, पाहिलं. सुपारीचं लिंबू झालं होतं. वरची कातडी आत ओढली गेली होती आणि काखेत आणखी काहीतरी हाताला लागत होतं.

बाहेर येऊन मी उदारामला विचारलं, नागपूरचे कागद दाखव. कागद नव्हते. तो नागपूरला गेलाच नव्हता. मी इतक्या जोरात ओरडले की टोली गोळा झाली. काय काय बोलले ते आठवत नाही, आठवलं तरी लिहिणार नाही. तो मान खाली घालून सगळं ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "आजाऱ्या पान्यात जारा नाई टाकत जी. पानी निवरू द्या, असं म्हनलं म्या. तुमीच सांगतलं होतं ना, अगदी तसंच."

मी तिथंच बसले. बकारामसाठी मांडलेल्या पाटावर बसले आहे, हे मला कोणीतरी दंडाला धरून उठवलं तेव्हा कळलं.

त्या दिवशी मी भावाकडं गेले नाही. घरी जाऊन वही काढली आणि दोन रेघांचं ते वाक्य पाहत बसले. गाठ मी दिली नव्हती, हे मला कळत होतं. पण गाठ दिसत असून दोन महिने बसून राहायचं कारण मी दिलं होतं. शामकला मेली तर टोलीत कोणी मला दोष देणार नाही, उदारामही देणार नाही. तो तर बाईनं बरोबरच सांगितलं होतं म्हणेल. याचीच मला जास्त भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून टोलीत गेले, तर शामकला जागची हलेना. नागपूर म्हटलं की तिचे दात वाजायचे. टोलीतली एक बाई दहा वर्षांमागं नागपूरला गेली होती, ती परत आली ती कपड्यात बांधून. "घरीच मरू द्या," एवढंच ती म्हणे. जेवत नव्हती. नवऱ्याशी एक शब्द बोलत नव्हती. मी समजावलं, ओरडले, पाया पडायचं तेवढं राहिलं. आणि उदाराम बोडीच्या पाळीवर बसून होता, जाळ्याची दोरी उगाच सोडत आणि बांधत.

मी त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याच्या हातातली दोरी पाहून विचारलं, "उदाराम, तुमचे बच्चे इतक्या दूर रेल्वेनं जातात. वाटेत काऊन मरत नाहीत? तेव्हा भेव नाही वाटत त्यांना?"

"वाटते ना जी. एकदम बोडीतून काढून हंडीत टाकले तं अर्धे मरतेत."

"मग?"

"आधी हाप्यात ठेवतो. तीन दिवस. सकार-सांज पान्यावर हात मारतो, छपछप. पयल्या दिवशी येड्यावानी उड्या मारतेत. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी हात मारला तरी जाग्यावर राहतेत. मंग हंडीत. मंग कितीबी दूर न्या."

मी त्याच्याकडं पाहत होते, तो पाण्याकडं.

"मग हे मला जुलैत काऊन नाही सांगितलं?" मी म्हणाले.

"तुमी इचारलं नाई जी."

तीन दिवस, मी म्हणाले. चौथा नाही.

पहिल्या दिवशी शामकलाला नुसतं उपकेंद्रात आणून बसवलं. इंजेक्शन घेणारी पोरं रडत होती, स्पिरिटचा वास होता. ती दाराशी बसली, दोनदा उठून बाहेर गेली, दोनदा परत आली. दुपारी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी तिरोड्याच्या बाजारात नेलं. तिथं बायजाबाई भाजी विकते. तिचं याच रोगाचं ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झालं होतं. तिनं पोत्यांच्या आडोशाला शामकलाला नेलं, पदर बाजूला केला आणि म्हणाली, "पाह्य. हात लाव. लाव ना वं, चावत नाई." शामकलानं हात लावला आणि एकदम मागं घेतला.

"भेव वाटे का?" तिनं विचारलं.

"वाटे तं! रडत रडत गेली, रडत रडत कापून घेतलं. आपन रडलो म्हनून डॉक्टर थांबते का? थो आपलं काम करते, आपन आपलं रडाचं." बायजाबाईनं तिला अर्धा किलो वांगी दिली आणि पैसे घेतले नाहीत. परतताना शामकलानं ती वांगी मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेत बसलो. शामकला खिडकीशी, उदाराम तिच्या बाजूला, मी समोर. तिचं थरथरणं थांबलेलं नव्हतं. नवऱ्याकडं ती पाहतही नव्हती. गाडी हलली तसा त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि फिरवायला लागला. बच्च्यांची हंडी नेताना तो असाच सगळी वाट पाण्यात हात फिरवत बसायचा. पाणी हलतं राहिलं तर त्यात हवा मिसळते, हात थांबला की बच्चे गुदमरतात. तुमसर गेलं, तरी हात चालूच होता. भंडारा रोडच्या पुढं त्याला डुलकी लागली असावी. हात थांबला.

"हात काऊन थांबला?" शामकला खिडकीतून बाहेर पाहतच म्हणाली.

भाऊबीजेनंतर ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. तो दचकून जागा झाला आणि कामठी, नागपूर येईपर्यंत त्यानं डोळा मिटला नाही.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कागद पाहून त्यांनी चष्मा काढला. "रिपोर्ट ऑगस्टचा आहे. इतके दिवस काय केलं?" उदाराम पुढं झाला, पण मी त्याला मागं ओढलं आणि सगळं सांगितलं. उंदीर, रस, बोडी, अगदी तसंच. त्या रागावतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. त्या रागावल्या नाहीत. थकल्यासारख्या दिसल्या.

"तुम्ही सांगितलं ते खोटं नाही," त्या म्हणाल्या. "सतत ताण असला की ते रस राखणदार पेशींना दाबतात, गाठीला पसरायला मदत करत असावेत. त्यावर काम चाललं आहे. पण भीती काढून गाठ जात नाही, सिस्टर. घाबरलेल्या पेशंटवरही औषध काम करतं. उशिरा आलेल्यावर कमी करतं."

"दोन महिन्यांपूर्वी आलो असतो, तर हे काखेतलं नसतं का?" मी विचारलं.

"ते कोणीच सांगू शकणार नाही."

आधी किमोची इंजेक्शनं झाली, मग ऑपरेशन, मग किरणांचा शेक. केस गेले, नखं काळी पडली, ती अर्धी झाली. काखेतल्या चार गाठींमध्ये रोग निघाला. प्रत्येक खेपेला उदाराम तिला आधी सांगायचा, आज काय करणार, किती दुखेल, किती वेळ लागेल. त्याला माहीत नसलं तर तो डॉक्टरांना विचारून यायचा. ती ऐकायची, भ्यायची आणि आत जायची. बाहेर तो भीत बसायचा. त्याच्या बाजूला मी. मी देवाधर्माची फारशी नाही, पण त्या बाकावर मी काय काय नवस बोलले ते माझं मला माहीत.

त्यानंतर पाच वर्षं गोळ्या आणि दर सहा महिन्यांनी तपासणी. जिवावरचं टळलं की माणूस निर्धास्त होतो म्हणतात. मी तरी झाले नाही. तिला खोकला झाला की मी गाडी काढून टोलीत जायची. कंबर दुखते म्हणाली की मला झोप लागायची नाही. ती मात्र पुन्हा बोडीवर जायला लागली, हाप्यात पाण्यावर हात मारायला लागली. बायांनी पंपावर पुन्हा तोंड उघडलं आणि त्या तिच्यासमोर इतकं वाईटसाईट बोलायच्या की मीच त्यांना दटावायची. गावात मी अजूनही तेच भाषण देते. पण आता पहिलं वाक्य गाठ दिसली की दवाखाना, असं असतं, आणि उंदीर मी शेवटी आणते.

एक गोष्ट तेवढी बदलली नाही. दर भाऊबीजेला शामकला दारात पाट मांडायची, दिवा लावायची आणि रिकाम्या पाटाला ओवाळायची. त्या वेळी उदाराम घरात नसायचा. तिनं जा म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. तो आपणच उठून बोडीवर जायचा आणि दिवा विझल्यावर परत यायचा.

२०१३च्या डिसेंबरात पाच वर्षांची मोठी तपासणी झाली. मी हट्टानं बरोबर गेले. दवाखान्याच्या त्या लांब वऱ्हांड्यात शे-दीडशे माणसं बसलेली. खिडकीतून उदारामच्या हातात कागद आला. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं तो उलटसुलट पाहिला, घडी केली आणि जुन्या सवयीनं सदऱ्याच्या खिशात घातला.

शामकलानं हात पुढं केला. "आना इकडं."

त्यानं दिला. तिनं तो मला दिला. "वाचा, बाई. मोठ्यानं वाचा."

मी कागद उघडला आणि अक्षरं हलायला लागली. पहिली ओळ दोनदा म्हणावी लागली. छाती, पोट, हाडं, एकेक वाचत गेले. कुठंच काही नव्हतं. शेवटच्या ओळीला मी एवढ्या जोरानं "काही नाही" म्हणाले की पलीकडच्या बाकावरची माणसं वळली. उदाराम तिथंच बाकावर बसला आणि तोंड झाकून लहान पोरासारखा रडायला लागला. मीही रडले. शामकला मात्र सरळ बसून होती. थोड्या वेळानं त्याचा हात तिच्या पाठीवर गेला आणि सवयीनं फिरायला लागला. तिनं तो झटकला नाही.

"गाठीचं म्या कवाच सोडलं," ती समोर पाहत म्हणाली. "तुमी भेले, म्याबी भेली. झालं थे झालं. पर माह्या भावाचं तोंड तुमी मले पाहू नाई देलं."

पाच वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलत होती. मला वाटलं, तो आता माझं नाव घेईल. बाईनं सांगितलं होतं, म्हणेल, भेवानं वाढते म्हणेल. मी वाट पाहत होते.

"नाई देलं," उदाराम म्हणाला.

त्याचा हात थांबला होता. या वेळी तिनं हात काऊन थांबला असं विचारलं नाही.